हरणीची सोयरीक

तुफानचं रक्त तपासायचं हे ऐकल्यावर बसवणप्पांनी ओठापर्यंत नेलेली बशी तशीच खाली ठेवली.

"आमच्या तुफानला काय झालंय म्हून सुई टोचायची?"

"काही झालं नाही म्हणूनच," माझे वडील, अप्पा, म्हणाले. "झाल्यावर टोचून काय उपयोग?"

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो बाकड्याखाली पाय ताणून पडला होता. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, वर आलेल्या बरगड्या. आमच्या लातूरकडच्या कारवानी कुत्र्यांची ज्याला ओळख नाही, त्याला तुफान चार दिवसांचा उपाशी वाटला असता. जाणकारांच्या लेखी तो पैलवान होता. शर्यतीत आणि प्रदर्शनात त्याचं नाव निघालं की लोक मान हलवत. त्याचे मालक बसवणप्पा धरणे, त्यामुळे त्यांनाही लोक ओळखत.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन सोयरिकी एकदमच चालू होत्या. एक हरणीची, म्हणजे आमच्या कुत्रीची. दुसरी माझी. दोन्ही स्थळं एकाच घरातली होती. हरणीला तुफान आणि मला बसवणप्पांचा मुलगा उमाकांत. यातलं कुठलं स्थळ आधी मनात आलं आणि कुठलं त्याच्या ओघात आलं, हे मी अप्पांना कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की विचारण्यात मजा नसते.

मी तेव्हा बी.एड. करून तालुक्याच्याच शाळेत लागले होते. माझं वय वाढत चाललंय, असं आईचं मत होतं. कुणाचं कमी होतं, असं मी तिला एकदा विचारलं, तेव्हा तिने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

अप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान आणि मागच्या बाजूला आमचं घर. हरणीसाठी चौकशी करायची म्हणून ते दुकान बंद ठेवून गावोगाव हिंडले. तुफानची आई कुणाची, बाप कुठला, आजा कशाने गेला, वंशात कुणी भित्रं निघालं का, कुणी मालकावर उलटलं का. तुफानचा आजा म्हातारपणी सगळे दात शाबूत ठेवून मेला, ही माहिती त्यांनी जेवताना आम्हाला अशा आनंदाने सांगितली की आईने त्यांना आणखी एक चमचा तूप वाढलं.

उमाकांतची चौकशी त्यांनी दुकानात बसल्या बसल्या केली. जमीन कॅनॉलखाली, घरावर स्लॅब, मुलगा बी.कॉम., अवजारांचं स्वतःचं दुकान, निर्व्यसनी दिसतो. 'दिसतो' हा शब्द अप्पांचाच. तेवढ्यावर भागलं.

तर रक्ताची गोष्ट. हरणीच्या आधी आमच्याकडे मैना होती. आमच्या भागात मादी माजावर आली की तिला नराच्या घरी नेऊन सोडतात, आठ दिवस ती तिथेच राहते. मैनाही अशीच एका नामांकित कुत्र्याच्या घरी राहून आली. तो कुत्रा बघायला धिप्पाड, डोळ्यांत तेज. पण त्याच्या अंगावर गोचीड होती आणि त्याच्या रक्तात गोचीडताप लपलेला होता. त्याला काही झालं नाही. मैना घरी आली, महिन्याभरात तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं आणि ती पोटातल्या पिल्लांसकट गेली. अप्पा तेव्हा लहान मुलासारखे रडले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते रॉकेलची वाटी घेऊन हरणीपाशी बसत, तिच्या कानात, पंज्यांच्या बेचक्यांत बोटं घालून गोचीड शोधत आणि सापडली की वाटीत टाकत. शाळेतून आल्यावर मला हे दृश्य दिसलं नाही, असं क्वचितच झालं असेल.

म्हणून बसवणप्पांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी अप्पा हटले नाहीत.

"दिसायला धडधाकट असला म्हून काय झालं," ते म्हणाले. "आत काय आहे ते रक्तच सांगतं. आणि पावणं, जायचंय आमच्या हरणीला. तुमच्या तुफानला कुठं जायचंय? जी जाणार, तिच्याच माणसांनी आधी बघायचं असतं."

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते मनात जपून ठेवलं.

बसवणप्पांनी बशी पुन्हा उचलली, निवलेला चहा संपवला आणि मग हरणीचंही रक्त काढा, अशी अट घातली. अप्पा लगेच हो म्हणाले.

डॉक्टर मणियारांचा दवाखाना बाजारसमितीच्या मागे होता. हरणी माझ्याशिवाय कुणाला डोकं धरू देत नसे, म्हणून मी गेले. तुफानला धरायला उमाकांत आला. लग्नाच्या आधी मुलामुलीने एकमेकांना नीट बघावं म्हणतात. आम्ही एकमेकांना दोन कुत्र्यांची डोकी काखेत दाबून बघितलं. तो उंच होता, हसला की ओळखीचा वाटायचा आणि तुफानच्या कानाला सुई लागली तेव्हा त्याने स्वतःचे डोळे मिटून घेतले. मला तो आवडला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी नावडतं स्थळ मोडायच्या हिशेबाने केलं असं कुणी म्हणायला नको.

डॉक्टरांनी कानाच्या कडेचा थेंब काचेवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तोंडाने त्यांचं चालूच होतं. मी सगळ्यांना सांगतो, म्हणाले, वर्षातून एकदा धडधाकट कुत्र्याचंही रक्त बघून घ्या. कुणी ऐकत नाही. आडवा पडला की उचलून आणतात, तेव्हा माझ्या हातात हळहळण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. मग ते बोलायचे थांबले.

हरणी स्वच्छ होती. तुफानच्या रक्तात गोचीडताप होता.

"आमच्या तुफानच्या?" बसवणप्पा म्हणाले. "काल सांजच्याला ससा धरला त्यानं." सशाची शिकार बंद होऊन जमाना झाला होता, हे आठवून त्यांनी घाईने पुढे जोडलं, "म्हंजे शर्यतीतला. चिंध्याचा."

"धरू दे की," डॉक्टर म्हणाले. "रोग आत आहे, पायात नाही. आज त्याला त्रास नाही. उद्या होईल, न होईल. पण त्याला चावलेली गोचीड हरणीला चावली तर तिला नक्की होईल. महिनाभर औषध द्या, गोठा धुऊन फवारा, मग पुन्हा बघू."

बसवणप्पांचा चेहरा उतरला. भर पंगतीत ताटावरून उठवल्यासारखे ते भिंतीकडे बघत बसले. तेव्हा अप्पा उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पावणं, मनाला लावून घेऊ नका. रोग कुणाला सांगून येतो का? त्यात त्या मुक्या जिवाचा काय दोष? यात लाज कसली?"

मी हरणीचं डोकं धरून उभी होते. अप्पांच्या तोंडचे ते शब्द ऐकले आणि मला पारूताई आठवली. आठवली म्हणजे काय, तिला आम्ही घरीच ठेवून आलो होतो.

पारूताई माझी चुलत बहीण. काका-काकू लवकर गेले, अप्पांनीच तिला वाढवली आणि तिचं लग्न लावून दिलं. नवरा दिसायला राजबिंडा होता. तीन वर्षांत गेला. सासरकडच्यांनी कावीळ सांगितली. नंतर पारूताईच्या रक्तात जे निघालं त्यावरून ती कावीळ नव्हती हे कळलं, पण त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं, नवऱ्याला गिळला म्हणाले आणि चहाही न घेता गेले. ती मागच्या खोलीत राहायची, दुकानासाठी पिशव्या शिवायची. तिचा कप वेगळा होता. टवका उडालेला, निळ्या काठाचा. तो मोरीच्या वर, खिळ्याला अडकवलेला असे. हरणी मात्र अप्पांच्या ताटातलं खायची आणि वर त्यांचं तोंड चाटायची.

महिना गेला. तुफानने गूळ लावलेल्या गोळ्या खाल्ल्या, बसवणप्पांनी गोठा फवारून घेतला आणि डॉक्टरांनी पुन्हा काच बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बसवणप्पा आता भेटेल त्याला रक्ततपासणीचं महत्त्व सांगत हिंडायला लागले होते. आमच्या तुफानचं रक्त तपासलेलं आहे, तुमच्याचं आहे का, असं ते प्रदर्शनात लोकांना विचारत. शहाणपण उशिरा आलं की जरा जास्तच बोलतं.

त्याच आठवड्यात ते सुपारी फोडायला आले. उमाकांत, त्याची आई आणि बाकड्याखाली तुफान. दोन्ही सोयरिकी एकाच बैठकीत उरकायच्या होत्या. आधी हरणीचं बोलणं झालं. तिला कधी सोडायची, खायला काय द्यायचं, पहिलं पिल्लू रिवाजाप्रमाणे नरवाल्याचं. यात बराच वेळ गेला. मग माझं निघालं. ते लवकर आटोपलं. तारीख ठरली, मंगल कार्यालय ठरलं, आईने साखर वाटली. बसवणप्पा खुशीत होते. रीत म्हणून त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुझं काही म्हणणं?"

या प्रश्नाला मुलीने मान खाली घालून आत जायचं असतं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"एक आहे," मी म्हटलं. "लग्नाच्या आधी आमच्या दोघांचं रक्त तपासून घेऊ. माझंही आणि त्यांचंही."

कुणालाच काही कळलं नाही, असं क्षणभर सगळ्यांनी दाखवलं. आतल्या खोलीत पारूताईचं शिलाई मशीन थांबलं.

"कसली तपासणी?" उमाकांतच्या आईने विचारलं.

"सरकारी दवाखान्यात लग्नाआधी करतात ती."

"माझा उमाकांत तुला आजारी दिसतो?" बसवणप्पा म्हणाले.

"नाही. तुफानही दिसत नव्हता."

अप्पांनी मला आत जायला सांगितलं. मी गेले नाही. एकदा उभी राहिले होते आणि परत बसायला जागा नव्हती.

"दिसायला धडधाकट असला म्हणून काय झालं," मी म्हटलं. "आत काय आहे ते रक्तच सांगतं."

हे वाक्य कुणाचं, हे त्या खोलीत कुत्र्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

बसवणप्पा उभे राहिले. आमच्या पोराला कुत्र्याच्या रांगेत बसवलं, आमच्या घराण्यात असला अपमान सात पिढ्यांत झाला नाही, शिकलेल्या मुलीचं असंच असतं, असं ते बरंच बोलले. मी उमाकांतकडे बघत होते. मला बाकी कुणाच्या बोलण्याशी कर्तव्य नव्हतं. त्याने नुसतं बरं म्हटलं असतं, तर मी त्याच्या मागून जन्मभर हसत गेले असते. तो घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी त्यालाच विचारलं.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मग मी कशाला टोचून घेऊ? मी काय जनावर आहे का?"

"जनावर असता तर तुमच्या वडिलांनी एव्हाना डॉक्टरांकडे नेलं असतं," मी म्हटलं. आणि मग मात्र मला रडू आलं, कारण तो खरंच आवडला होता.

आईने तोंडाला पदर लावला. उमाकांतची आई आधी बाहेर पडली, मागून उमाकांत, मागून तुफान. बसवणप्पांनी दारात जोडे घातले, काठी घेतली, दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळले. मला वाटलं, आता शिव्या देणार.

"अप्पा," ते म्हणाले, "हरणीला मंगळवारी आणून सोडा. तिचे दिवस चुकवू नका."

"सोडतो," अप्पा म्हणाले.

माझी सोयरीक मोडायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. हरणीच्या सोयरिकीला मात्र ओरखडाही आला नव्हता.

मंगळवारी अप्पा तिला जीपमधून सोडून आले. माझ्याशी ते बोलत नव्हते. आई बोलत होती, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. गावात माझं नाव झालं. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असल्या गोष्टी मनात ठेवायच्या असतात. कुठल्या गोष्टी, असं मी विचारलं तेव्हा त्यांना तास आठवला.

हरणी नव्हती, पण अप्पांची सवय जात नव्हती. संध्याकाळ झाली की ते रॉकेलची वाटी घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसायचे आणि मग आठवायचं की बोटं घालायला कान नाहीत. असेच एकदा ते बसले होते. मी स्वयंपाकघरात होते, खिडकी उघडी होती. पारूताई दोरीवरचे कपडे काढत होती.

"पारू," अप्पा म्हणाले. तिला ते सहसा हाक मारत नसत. "तुझ्या वेळेला आपण काही विचारलं नव्हतं का गं?"

पारूताईने हातातली घडी पुरी केली.

"विचारलं होतं की, काका," ती म्हणाली. "तुम्हीच गेला होता बघायला. त्यांच्या दारात खिल्लारी बैलजोडी होती. तिच्याभोवती तुम्ही दोनदा फिरला, दात बघितले, खुरं बघितली. घरी येऊन मला म्हणाला, बैल एक नंबर आहेत, माणसं चांगली असणार."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने कपडे उचलले आणि ती आत गेली. अप्पा वाटीतल्या रॉकेलकडे बघत बसले. दिवा लावायची वेळ झाली, आईने दोनदा हाक मारली, तरी ते उठले नाहीत. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच आलं.

हरणी परत आली. पिल्लं झाली. बसवणप्पांनी रिवाजाप्रमाणे पहिलं पिल्लू नेलं आणि अप्पांच्या हातावर पेढा ठेवला. माझा विषय कुणी काढला नाही. पिल्लांचं रक्त कधी तपासायचं यावर मात्र दोघे भरपूर बोलले.

दिवाळीनंतर मला बघायला दुसरे पाहुणे आले. बीदरकडचे, प्रतिष्ठित. मी पोहे दिले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, नोकरी सोडणार का, असं झालं. चालून दाखवायला सांगितलं, मी चालले. मुलाच्या मामांनी घड्याळ बघून विचारलं, मग बोलणी पुढे न्यायची ना? पुन्हा बोलायला माझ्याकडे बळ उरलं नव्हतं, हे खरं आहे. एकदा उभं राहायला जेवढं लागतं तेवढं सगळं मी त्या उन्हाळ्यात खर्चून बसले होते.

अप्पांनी घसा खाकरला.

"त्याआधी एक आहे," ते म्हणाले. "मुलाचं रक्त तपासून घेऊ. आमच्या पोरीचंही घेऊ."

मामांना वाटलं, रक्तगट जुळवायचे आहेत. अप्पांनी त्यांना नीट सांगितलं. या वेळी त्या रोगाचं नाव घेऊन सांगितलं. आमच्या घरात ते पहिल्यांदाच मोठ्याने बोललं गेलं आणि छत काही पडलं नाही.

"आमचा मुलगा धडधाकट आहे," मामा म्हणाले. "हे काय कुत्र्याचं लगीन आहे का?"

म्हणजे आमची कीर्ती बीदरपर्यंत गेली होती.

"नाही," अप्पा म्हणाले. "कुत्र्याचं असतं तर मी आधीच विचारलं असतं. पोरीचं आहे म्हून विचारायला उशीर झाला. जायचंय आमच्या पोरीला, पावणं. तुमच्या मुलाला कुठं जायचंय?"

ते पाहुणे गेले. त्यांच्यानंतर आलेलेही गेले. त्याही नंतर एकजण आला, त्याने अप्पांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी चालेल का, एवढंच विचारलं. त्याच्याबरोबर मी आज राहते. तो ही गोष्ट ऐकताना अजून दंडावरून हात फिरवतो, नर्सने सुई दोनदा टोचली होती म्हणतो. पारूताईला पुढे सरकारी दवाखान्यातून औषध सुरू झालं. ती आजही आहे, पिशव्या शिवते आणि माझ्या मुलीला तिच्या उंचीवरून चिडवते.

पण मला आठवते ती बीदरचे पाहुणे उठून गेले तेव्हाची संध्याकाळ. आई कपाळाला हात लावून बसली होती. पाहुण्यांचे कप अर्धे भरलेले, तसेच टेबलावर होते. अप्पांनी ते एकेक करून मोरीत रिकामे केले, स्वतः विसळले आणि ओट्यावर पालथे घातले. मग मला म्हणाले, "नंदा, चहा टाक. सगळ्यांना. पारूला बोलव."

मी आधण ठेवलं आणि सवयीने हात वर करून खिळ्यावरचा निळ्या काठाचा कप काढला.

"तो नको," अप्पा म्हणाले. "यातलाच दे."